ब्रेकला कुलूप लावणाऱ्या साहेबांस

प्रति,
माननीय कुलूपाधिकारी साहेब,
डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर विभाग.
(कंपनीचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. आपले भाऊबंद बहुतेक सगळ्याच कंपन्यांत आहेत. एकाचाच मान वाढवून बाकीच्यांना कशाला दुखवा?)



आपली प्रत्यक्ष ओळख नाही. पण माझ्या गाडीच्या बॉनेटखाली एबीएसचा ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आहे, त्याला सहा नळ्या जोडलेल्या आहेत आणि त्याच्या पोटातल्या हवेवर आपली सत्ता चालते, एवढं मला यंदा कळलं. गाडी माझी, कर्जाचे हप्ते मी फेडले, विमा मी भरतो, टोल मी देतो. ब्रेकमधली चिमूटभर हवा बाहेर काढायचा अधिकार तेवढा आपण स्वतःकडे राखून ठेवलात. इतक्या दूरदृष्टीच्या माणसाला कुणी चार ओळी लिहू नयेत हे बरं दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

हकिगत अशी. आम्ही रत्नागिरीचे. इथे समुद्र फुकट मिळतो आणि त्याच्याबरोबर गंजही. मागच्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची लोखंडी लाइन खाऱ्या हवेने खाऊन टाकली होती. ती अंगणातच फुटली. पेडल अर्ध्याच्या खाली गेलं, ब्रेक ऑइल जमिनीवर सांडलं आणि त्या सर्किटची कुंडी कोरडी ठणठणीत झाली. ब्रेकची सर्किटं दोन असतात, म्हणून निदान उरलेले ब्रेक शाबूत राहिले. ही व्यवस्था ज्याने काढली तो आपल्या विभागातला नसावा.

आमच्या मेस्त्रींनी नवी लाइन वाकवून बसवली, ऑइल भरलं, चारही चाकांची एअर काढली. आता पेडल टणक लागायला हवं. ते लागलं लिबलिबीत. पहिल्या दाबाला निम्मं खाली, लागोपाठ दोन-तीनदा पंप मारला की वर. पाय दाबून तसाच धरला तर खाली सरकत नव्हतं. जाणत्याला एवढ्यावरून निदान करता येतं. पंप मारल्यावर पेडल वर येतं म्हणजे लाइनमध्ये हवा आहे. धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत गेलं असतं, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलं म्हणायचं. म्हणजे आमच्याकडे हवाच होती.

"मेस्त्री, हवा तर काढली ना आपण?"

"चाकातली काढली. डब्यातली नाय निघाली. तिकडं आपला पाना पोचत नाय."

आणि इथे, साहेब, आपला प्रवेश होतो.

आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन लावला. ते कोल्हापुरात. फोनवरचा मुलगा फार अदबीचा होता.

"सर, एबीएस आहे ना, मग डायग्नोस्टिक टॅब लावावा लागेल."

"टॅब घेऊन कुणाला पाठवता येईल का?"

"टॅब वर्कशॉपबाहेर जात नाही, सर. गाडी इकडे घेऊन या."

"अहो, ब्रेक नीट लागत नाहीत म्हणूनच तर फोन केलाय."

"मग जपून या, सर."

या वाक्याबद्दल आपला जाहीर सत्कार व्हायला हवा. रत्नागिरीहून कोल्हापूर म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर, मध्ये आंबा घाट, पावसाळ्यात धुकं, समोरून येणारे ट्रक. ब्रेक दुरुस्त करायचे असतील तर आधी ब्रेकशिवाय घाट ओलांडून दाखवा, अशी ही प्रवेशपरीक्षा आहे. पास झालात तर टॅब लागेल, नापास झालात तर टॅबची गरजच उरणार नाही. गाडी टो करून नेता येते, हे मला माहीत आहे. पण टोवाल्याचा दर विचारला तेव्हा कळलं, की ती हवा तोळ्यावर विकली जाते.

आता आपण म्हणाल, यांना आतलं काय कळतं? आपण ते कुलूपबंद ठेवलंत, पण भौतिकशास्त्र ठेवायला विसरलात. ते शाळेच्या पुस्तकात आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो. जोरात ब्रेक मारला की ब्रेकच्या नळ्यांतला दाब शंभर बारच्या घरात जाऊ शकतो. पायाचा जोर चाकाऐवजी हवेचा बुडबुडा चेपण्यात खर्च झाला, तर गाडी थांबेल कशाने?

ठोकळ्याच्या आतली रचनाही गुप्त नाही. साध्या चार चॅनेलच्या एबीएसमध्ये प्रत्येक चाकाला दोन, असे आठ सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात. एक आत सोडणारा, तो एरवी उघडा. दुसरा बाहेर सोडणारा, तो एरवी बंद. चाक घसरायला लागलं की पहिला मिटतो, दुसरा उघडतो, चाकावरचा दाब एका छोट्या साठवणीत उतरतो आणि मोटरवर चालणारा पंप तेच ऑइल पुन्हा मास्टर सिलिंडरच्या बाजूला ढकलतो. हे सगळं सेकंदाला अनेक वेळा. पायाखाली जी घरघर जाणवते ती हीच. ज्या गाड्यांत ईएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणाही आहे, त्यांत व्हॉल्व्ह आणखी चार.

आता नेहमीच्या पद्धतीने एअर काढताना ऑइल जातं ते उघड्या व्हॉल्व्हमधून, सरळ चाकाकडे. बंद व्हॉल्व्हच्या पलीकडची साठवण आणि पंपाची वाट तशीच राहते. तिथे हवा शिरली, की कुणी कितीही पेडल मारो, ती जागची हलत नाही. व्हॉल्व्ह उघडून पंप फिरवला तरच ती हलते. आणि हे उघडण्या-फिरवण्याचं बटण आपल्या टॅबमध्ये, कोल्हापुरात, एसीच्या खोलीत, चार्जिंगला लावलेलं.

इथवर आपली बाजू भक्कम आहे. पुढे ती जरा डळमळते.

कारण एक गोष्ट आपले लोक ग्राहकाला सांगत नाहीत. ब्रेक ऑइल नुसतं बदलायचं असेल, कुंडी एकदाही कोरडी पडू दिली नसेल, तर ठोकळ्यात हवा जाण्याचं कारणच नाही. बहुतेक साध्या गाड्यांत मग टॅब लागत नाही. पाना, पारदर्शक नळी, बाटली आणि पेडलवर बसायला एक शहाणा माणूस पुरतो. ऑइल तर बदलावंच लागतं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना कमीत कमी २३० अंशांना उकळायला हवं, असा निकष आहे. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तोच निकष १५५ अंशांवर येतो. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळलं, तर तिथे वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. म्हणून बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात. आमच्या कोकणातल्या दमटपणात तर ते टाळूच नये. पण आपल्या काउंटरवर विचारलं, की उत्तर ठरलेलं: "एबीएस आहे, सर. बाहेर हात लावू देऊ नका." पाण्याचंही आपण पेटंट घेतलं असतं, पण पाऊस आपल्या डीलरशिपमध्ये पडत नाही.

तर आम्ही काय केलं, तेही पहिल्यापासून ऐका. आपल्या फाइलला लावून ठेवा.

चाकांजवळ एअर काढायचे जे निपल असतात, त्यांना आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, कारण जोर केला की ते तुटतात आणि मग कॅलिपरच बदलावा लागतो. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतली. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबलं, तर मास्टर सिलिंडरचं रबर एरवी कधी न घासलेल्या खरखरीत भागावर जातं आणि फाटतं. नळी निपलवरून आधी वर नेऊन मग बाटलीत सोडली, टोक ऑइलमध्ये बुडेल अशी. भाचा सीटवर, मेस्त्री चाकाशी, मी कुंडीवर नजर ठेवून.

"दाब."

"दाबलं."

"धर. धरून ठेव." रिंग पाना पाव फेरा फिरला, नळीतून तपकिरी ऑइल सुळकन गेलं. "सोडू नको अजून!" निपल आवळला. "हां, आता सोड."

पेडल धरण्याआधी निपल सोडला किंवा निपल आवळण्याआधी पेडल सोडलं, की बाहेरची हवा उलटी आत. सगळी विद्या 'धर' आणि 'सोड' या दोन शब्दांच्या क्रमात आहे. तपकिरी जाऊन पिवळसर स्वच्छ ऑइल येईपर्यंत, चाकामागून चाक. कोणतं चाक आधी, हे मात्र गाडीगणिक बदलतं. जुना नियम सर्वांत लांबचं आधी, असा. सर्किटं तिरकी जोडलेल्या गाड्यांत काही कंपन्या वेगळा क्रम देतात. तो क्रम आपल्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेला आहे आणि मॅन्युअल आपण कुणाला दाखवत नाही. ब्रेकचा क्रम गुप्त ठेवून आपण नेमकं कोणत्या शत्रुराष्ट्राला चकवता आहात, हे एकदा कळवावं.

मग ठोकळ्याचा प्रश्न. गॅरेजच्या मागेच सडा आहे. कातळावर सुटी खडी पसरलेली, माणूस नाही, गुरं नाहीत, मालकाची परवानगी घेतलेली. आधी चालण्याच्या वेगात ब्रेक लागतात याची खात्री केली. पेडल लिबलिबीत होतं, पण गाडी थांबत होती. मग पंचवीस-तीसच्या वेगाने सरळ जाऊन खडीवर करकचून ब्रेक. चाकं घसरू लागताच एबीएस जागं झालं, घर्रर्र झालं, पेडल पायाला ढकलू लागलं. आपल्या टॅबवरचं बटण जे व्हॉल्व्ह उघडतं, तेच आम्ही खडीकडून उघडून घेतले. असं काही वेळा केलं, गाडी पुन्हा स्टँडवर घेतली आणि पुन्हा एअर काढायला बसलो. मागच्या डाव्या चाकाच्या नळीत बारीक बुडबुड्यांची एक माळ आली. थांबली. मेस्त्रींनी निपल आवळायला पाना लावला तर आणखी एक मोठा बुडबुडा डुलत डुलत वर आला, जणू आपल्या परवानगीची वाट पाहून कंटाळला होता. पेडल वर आलं आणि वरच राहिलं.

आता, साहेब, थट्टा बाजूला ठेवून बोलतो. हा उपाय चांगला नाही. चालला, पण चांगला नाही. तो दर वेळी चालेल याची हमी नाही. ब्रेकची खात्री नसलेली गाडी मुद्दाम घसरवायची, हा काही दुरुस्तीचा शहाणा मार्ग नव्हे. आणि तो घरोघरी वापरला जातो. ज्यांच्याजवळ सडा नाही ते रिकाम्या रस्त्यावर करतात. काही महाभाग ठोकळ्याच्या कनेक्टरला थेट बॅटरीची वायर लावतात आणि कॉइल जाळून घेतात. आणि सर्वांत जास्त लोक काहीच करत नाहीत. "पंप मारला की लागतो" म्हणत तीच गाडी घाटात घालतात. आपण कुलूप लावता ते सुरक्षिततेच्या नावाखाली. त्या कुलपाने घरी ब्रेक खोलणं थांबलेलं नाही. ते फक्त आंधळेपणाने होऊ लागलं आहे.

काही ठिकाणी कुलपाला अर्थ आहे, हेही मान्य करतो. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत ब्रेकचा दाब विजेवर तयार होऊन साठवलेला असतो. तिथे माहिती नसलेल्याने निपल खोलणं धोक्याचं. त्या गाड्यांना घरी हात लावू नये, हे मी चौकात उभा राहून सांगेन. पण ती सूचना ठळक छापा, कारण सांगा. माझ्या साध्या पेट्रोल गाडीला तेच कुलूप लावून, तेच भय दाखवून, त्याचंच बिल फाडायचं, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

बरं, यात तांत्रिक अडचण आहे म्हणावं, तर तीही नाही. फोर्डच्या गाड्यांसाठी फोरस्कॅन, फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस ही सॉफ्टवेअरं साध्या लॅपटॉपवर चालतात आणि त्या कंपन्यांच्या अनेक मॉडेलांत एबीएसची एअर काढण्याचा कार्यक्रम चालवतात. बाजारातलं स्वस्त ओबीडी यंत्र ते करत नाही, ते इंजिनचे दोष वाचून गप्प बसतं. पण दुतर्फा बोलणारं यंत्र असेल तर हे काम तुमच्या चार भिंतींबाहेरही होतं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली तेव्हा इथल्या कितीतरी मालकांना आपल्या गाडीचं पुढे काय, हा घोर लागला. कंपनी जाऊ शकते, गाडी रस्त्यावर राहते. त्या दिवशी चावी कुणाकडे असावी, याचा विचार आपल्या विभागात कुणी केला आहे का?

कायद्याचं म्हणाल, तर आपली आठवण कच्ची दिसते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि डायग्नोस्टिक साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा आरोप त्यात होता आणि ती खुली करा, असं आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, कारण अपिलाची वाट आपल्याला ब्रेकच्या वाटेपेक्षा चांगली माहीत आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही घेतली. वर्षअखेरीस या हक्काचं पोर्टलही आलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये हा हक्क कायद्यात घातला आणि २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी करार केला. तिथे काही कंपन्यांचं मॅन्युअल आणि सॉफ्टवेअर दोन दिवसांच्या वर्गणीवर विकत मिळतं. तिथल्या गॅरेजवाल्यामुळे आकाश कोसळल्याचं ऐकिवात नाही.

आणि एक शेवटचं. १९७८ मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं तेव्हा ते श्रीमंतांचं होतं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं आहे. सरकारने ते जीव वाचवण्यासाठी सक्तीचं केलं, फार उत्तम केलं. पण सक्ती सगळ्यांना आणि चावी फक्त आपल्याला, हा सौदा कुणी केला? जी वस्तू प्रत्येक गाडीत असलीच पाहिजे, तिच्या दुरुस्तीची माहितीही प्रत्येक तालुक्याच्या गॅरेजात पोहोचलीच पाहिजे.

तेव्हा मागण्या दोनच. ब्रेकची एअर काढण्याची पूर्ण कृती, क्रमासकट आणि धोक्याच्या सूचनांसकट, मराठीत आणि फुकट प्रसिद्ध करा. आणि व्हॉल्व्ह उघडण्याचा तो एक कार्यक्रम वाजवी दरात बाहेरच्या मेस्त्रींना विकत द्या. बाकी इंजिन, इन्फोटेनमेंट, पावसाचा सेन्सर यांना हवी तितकी कुलपं लावा. पाऊस आला की आमचं आम्हाला कळतं.

कळावे.

आपला,
एक गाडीमालक,
रत्नागिरी

ता. क. हे पत्र साहेब वाचतील याची खात्री नाही, म्हणून चार शब्द वाचकांसाठी. घरी ब्रेक ऑइल बदलत असाल तर कुंडीवर एक माणूस कायम ठेवा आणि ती अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. ही एवढी काळजी घेतली तर टॅबची वेळ सहसा येत नाही. कुंडीच्या टोपणावर लिहिलेलंच ऑइल घाला. सिलिकॉनचं डॉट ५ एबीएसच्या गाडीत घालू नका. कॅलिपर बदलले असतील तर निपल वरच्या बाजूला आहे का ते बघा. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली की निपल खाली येतो आणि हवा कधीच निघत नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघेल. आणि काम झाल्यावर पेडल खाली बसत असेल, एबीएसचा दिवा लागलेला असेल किंवा मनात जरा जरी शंका असेल, तर गाडी हलवू नका. टोवाला कितीही महाग पडो, बोलवा.